पोक आलेली रेकॉर्ड

रेकॉर्ड उभी ठेवतात. आडवी ठेवत नाहीत, तिरकी ठेवत नाहीत, एकीवर एक रचून तर मुळीच ठेवत नाहीत. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात का शिरत नाही, हा प्रश्न मी एकतीस वर्षं विचारत आलो आणि उत्तर न मिळताच निवृत्त झालो. रेडिओ केंद्रात रेकॉर्डींचं भांडार माझ्या ताब्यात होतं. चौदा हजार रेकॉर्डी, आणि त्यांतली एकही माझ्या हाताखाली वाकली नाही. दर वीस रेकॉर्डींमागे एक उभी फळी, म्हणजे कोणी कोणावर रेलायचं नाही. फार घट्ट कोंबायच्या नाहीत, फार सैल सोडायच्या नाहीत. खिडकीला जाड पडदा. बाहेरून एखादी वाकलेली रेकॉर्ड आलीच, तर मी तिच्या कव्हरावर लाल शाईने 'निकामी' असं लिहून ती वेगळ्या कपाटात टाकायचो. निवेदक मंडळी माझ्यामागे मला 'फौजदार' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

निवृत्तीनंतर मी धाकट्या बहिणीच्या इमारतीत, तिच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो. तिचे यजमान जहाजावर मुख्य आचारी आहेत, वर्षातले आठ महिने समुद्रावर. मुलगी लग्न होऊन दूर गेली. तेव्हा बहिणीला सोबत होईल असं सगळ्यांना वाटलं. बहिणीला मात्र सोबतीची काडीचीही गरज नव्हती, कारण तिचा वर्ग होता.

हा वर्ग म्हणजे वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला भरणारा नाचाचा वर्ग. पंचावन्नच्या पुढच्यांसाठी. एकोणीस वर्षं ती तो चालवत होती. आठ-नऊ जण यायचे, त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे कुरकुरणारे. मी त्याला 'म्हाताऱ्यांचा धिंगाणा' म्हणायचो आणि एकोणीस वर्षांत एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. फोनवर ती वर्गाचं काही सांगायला लागली की मी मध्येच विचारायचो, रेकॉर्डी कुठे ठेवतेस? ती म्हणायची, कपाटात. विषय तिथेच संपायचा.

मी राहायला आलो त्याच महिन्यात वाचनालयाच्या समितीचं पत्र आलं. कराटे शिकवणाऱ्या एका मास्तरांनी तोच हॉल, तेच दिवस मागितले होते. समिती एका शनिवारी सकाळी येऊन बहिणीचा, म्हणजे वर्गातल्या सगळ्यांच्या ताईंचा, वर्ग बघणार होती आणि मग हॉल कोणाला द्यायचा ते ठरवणार होती. आमच्या भागात लाकडी जमिनीचा दुसरा हॉल नाही, आणि फरशीवर नाचायला या गुडघ्यांना डॉक्टरांची मनाई. म्हणजे समितीने नाक मुरडलं की वर्गाने गाशा गुंडाळायचा. पत्र वाचून बहिणीने त्याची नीट घडी घातली. मग म्हणाली, "दादा, वर्ग गेला तर मी मंगळवारी काय करू?"

तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. मी तिला मदत करायची ठरवली. आणि मला मदतीचा एकच प्रकार येतो.

वर्गाला पंधरा दिवसांची सुट्टी होती, तेवढ्यात मी तिच्याकडून हॉलची किल्ली मागून घेतली. रेकॉर्डी कपाटात होत्या हे खरं होतं. कपाटात, आडव्या, एकीवर एक, त्यांच्यावर बुटांची पिशवी आणि पिशवीवर इस्त्री. नाचाच्या वर्गात इस्त्रीचं काय काम, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण खरा धक्का पुढे होता. समितीला जिच्यावरचा नाच दाखवायचा होता ती वर्गाची मुख्य रेकॉर्ड, वाद्यवृंदाची, संथ तीन ठोक्यांच्या चालीची, खिडकीखालच्या हीटरवर पडलेली होती. हीटरवर. मी ती डोळ्यांसमोर आडवी धरली आणि कपाळावर हात मारला. एका बाजूने काठ चांगला बोटभर उचलला गेला होता. रेकॉर्डला चक्क पोक आलं होतं.

मी बहिणीला फोन करून विचारलं, ही इथे कधीपासून आहे.

"पहिल्या हिवाळ्यापासून," ती म्हणाली. "ऊब लागली की छान वाजते."

मी फोन ठेवला. असल्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो.

त्या पंधरा दिवसांत मी जे केलं ते माझ्या नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा मन लावून केलं. आरशांच्या दुकानातून जाड काचेचे दोन चौकोनी तुकडे आणले. रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसली, दोन कोऱ्या कागदांमध्ये घातली, वरखाली काचा लावल्या. त्यावर शब्दकोशाचे पाच खंड. हे सगळं स्वयंपाकघरात, पाणी तापवण्याच्या टाकीजवळच्या फळीवर ठेवलं, तिथे कोमट ऊब असते, चटका नसतो. रोज सकाळी ऊब एक अंशही इकडेतिकडे झाली नाही ना ते बघायचो. सुरुवात करण्यापूर्वी सवयीप्रमाणे वहीत नोंदही केली होती: 'काठाला एक लाट, उंची सुमारे एक बोट, लेबलावरच्या पहिल्या अक्षराच्या समोर.' बाराव्या दिवशी काचा काढल्या. रेकॉर्ड शांत पाण्यासारखी सपाट. मी ती टेबलावर ठेवून खाली वाकून चारही बाजूंनी बघितली आणि शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने स्वतःला शाबासकी दिली.

हॉलमध्ये मी लाकडी मांडणीही करून घेतली. फळ्या, आतली पाकिटं, पडदा, सगळं. हीटरवर एक पाटी लावली: 'येथे काहीही ठेवू नये.'

सुट्टीनंतरच्या पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम वर्गाला गेलो, कौतुक करून घ्यायला. बहिणीने मांडणी बघितली, रेकॉर्ड बघितली आणि तिचे डोळे भरून आले. वर्गातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तिथे सगळे मला दादाच म्हणू लागले, अगदी माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले घड्याळजीसुद्धा. हे घड्याळजी म्हणजे चौकातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचे मालक, सडपातळ, नाचताना डोळे मिटून घेणारे. दुसऱ्या लक्षात राहणाऱ्या बाई म्हणजे हेडबाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या नाचताना मोठ्याने आकडे मोजतात आणि चुकलं तर आकड्यांना रागावतात.

मी सुई ठेवली. सूर स्वच्छ आले, सरळ, कुठेही डगमग नाही. मी हाताची घडी घालून उभा राहिलो.

आणि सगळा वर्ग एकमेकांवर आदळला.

अतिशयोक्ती करत नाही. तिसऱ्या ठोक्याला सगळ्यांनी गुडघे जरासे वाकवून खांदा झुकवला, ती त्यांची ठरलेली ढब, तिला ते 'ताईंची लचक' म्हणतात. पण ते लचकून वर येईपर्यंत गाणं पुढे निघून गेलं होतं. पुढच्या रांगेने घाई केली, मागच्या रांगेने केली नाही. हेडबाईंनी चार मोजलं, जे तीन ठोक्यांच्या चालीत कोणीच मोजत नाही. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. बूट बदलून बघितले, खिडक्या उघडून बघितल्या, पावलं सहज सरकावीत म्हणून जमिनीवर टाकलेली पावडर पुसून काढली. एकाने तर रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राखाली घडी केलेला कागद सारला. गुरुवारी तीच गत. बहीण घामाघूम होऊन सगळ्यांना तीच पावलं पुन्हा पुन्हा दाखवत होती आणि तिचीच पावलं तिला साथ देत नव्हती. समिती यायला नऊ दिवस उरले होते.

मी त्यांच्यावर वैतागलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा या लोकांना धड रेकॉर्ड मिळाली, आणि यांना साधं तीनापर्यंत मोजता येऊ नये? असं मी जवळजवळ बोलून बसणार होतो. तेवढ्यात घड्याळजींनी सगळ्यांना बसायला सांगितलं. त्यांनी खिशातून एक घड्याळ काढलं, रेकॉर्ड लावायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. दोन मिनिटांनी डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दादा, पूर्वी हे गाणं दर तिसऱ्या ठोक्याला दम खायचं," ते म्हणाले. "आता खात नाही."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. रेकॉर्ड जिच्यावर फिरते त्या थाळीची एक फेरी व्हायला पावणेदोन सेकंदांच्या वर किंचित वेळ लागतो. या चालीचे तीन ठोकेही नेमके तेवढ्याच वेळात होतात. म्हणजे दर फेरीत सुई त्या पोकावर चढून उतरायची, गाणं तिथे केसभर रेंगाळायचं, आणि ते रेंगाळणं बरोबर तिसऱ्या ठोक्यावर पडायचं. एकोणीस वर्षं हा वर्ग त्या रेंगाळण्यावर गुडघा वाकवत होता. ते गेलं, आणि लचकेला जागाच उरली नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात सुबक काम बहिणीच्या मुळावर आलं होतं.

पुढचे दोन दिवस आम्ही काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. हेडबाईंच्या मोबाइलवर जुन्या नाचाचं चित्रण सापडलं, पण त्यात गाणं कमी आणि हेडबाईंचं 'एक-दोन-तीन' जास्त. रेकॉर्ड पुन्हा वाकवावी, असं कोणीतरी सुचवलं. हे मला, चौदा हजार रेकॉर्डींच्या फौजदाराला. तरीही मी तयार झालो. पण आधी दुसऱ्या एका फुटक्या नशिबाच्या रेकॉर्डवर प्रयोग करून बघू म्हटलं. माझ्याच हाताने मी माझी पाटी काढली आणि ती रेकॉर्ड हीटरवर ठेवली. दुपारपर्यंत तिची फळं ठेवण्याजोगी परडी झाली. पोक असं मागून मिळत नाही, ते ज्याचं त्याला येतं. मुख्य रेकॉर्डचं असं झालं असतं तर ना लचक राहिली असती ना गाणं.

त्या दिवशी संध्याकाळी बहीण माझ्याकडे आली. चहा समोर होता, तिने घेतला नाही. मला वाटलं ती रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ती लचक माझी नव्हतीच," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला सुचली. लोक सांगायचे, ताई, अशी लचक कुठे बघितली नाही. एकोणीस वर्षं मी लोकांना रेकॉर्डमधली खोट शिकवत होते."

समजूत घालणं हा माझा प्रांत नाही. पण एक गोष्ट मला पक्की माहीत होती आणि ती मी सांगितली.

"माझ्याकडे अशा वाकलेल्या शेकडो रेकॉर्डी आल्या," मी म्हणालो. "त्याही अशाच रेंगाळत असणार. मी त्यांच्यावर निकामी लिहिलं आणि कपाट बंद केलं. तुझ्या हाती एक आली आणि तू तिच्यावर माणसं नाचवलीस. खोट रेकॉर्डमध्ये होती. नाच तुझा होता."

तिने चहा घेतला. गार झाला होता, तरी घेतला.

उपाय घड्याळजींनीच काढला. त्यांचा हिशोब साधा होता: पोक काय करायचं? दर फेरीला गाण्याला जरा अडवायचं. ते काम बोटानेही होईल. थाळी फिरताना ठरलेल्या जागी काठाला अलगद बोट लावायचं, लगेच काढायचं. जागा कुठली? इथे माझी वही कामी आली. लेबलावरच्या पहिल्या अक्षरासमोर मी पांढऱ्या कागदाचा एक ठिपका चिकटवला. ठिपका समोर आला की बोट. प्रश्न एवढाच होता की बोट कोणाचं. घड्याळजी नाचात, हेडबाई नाचात, बहीण सगळ्यांच्या पुढे. सगळे माझ्याकडे बघू लागले.

चालत्या रेकॉर्डला बोट लावणाऱ्या एका निवेदकाला मी एकदा भांडारात यायची महिनाभर बंदी केली होती. तो बिचारा कुठलं गाणं हवं ते नुसतं दाखवत होता. आता तेच पाप मला करायचं होतं, तेही दर पावणेदोन सेकंदांनी. पहिल्या दिवशी मी इतकं दाबलं की गाणं हंबरलं. मग इतकं हलकं लावलं की काहीच झालं नाही. घड्याळजी शेजारी बसून 'थोडं कमी, थोडं उशिरा' असं म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या करंगळीने ते साधलं. हो, करंगळीने, बाकीची बोटं जड पडतात. पण एक अडचण राहिलीच. ठिपक्याकडे बघत बसलो की माझं बोट यंत्रासारखं पडायचं आणि नाच लाकडी व्हायचा.

"रेकॉर्डकडे बघू नका," घड्याळजी म्हणाले. "ताईंच्या खांद्याकडे बघा."

शनिवारी समितीची चार माणसं आली. अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर, त्यामुळे की काय कोण जाणे, समोरच्या प्रत्येकाने तोंड मिटून घेतलं. त्यांच्यामागे कराटेचे मास्तरही येऊन बसले, पाठ ताठ, हात मांडीवर. बहिणीने निळा झगा घातला होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी सुई ठेवली, करंगळी काठाजवळ नेली आणि तिच्या खांद्याकडे बघितलं.

पहिला ठोका. दुसरा. तिचा खांदा झुकायला लागला, माझी करंगळी टेकली, गाणं केसभर रेंगाळलं, आणि नऊ जणांचे अठरा गुडघे एकदम वाकले. लचक आली. पुन्हा. पुन्हा. हेडबाई मोजायच्या थांबल्या होत्या, हे मला नंतर जाणवलं. घड्याळजींनी डोळे मिटले. दोन कडव्यांनंतर मी ठिपका पार विसरलो. मला नुसती माझी बहीण दिसत होती. लहानपणी शेजारच्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींमधून धावणारी, आईच्या हाका कानाआड करणारी ती मुलगी अठ्ठावन्न वर्षांची झाली होती, आणि तिच्यामागे आठ म्हातारी माणसं तशीच धावत होती. तरीही बोट चुकलं नाही. सगळी बाजू संपेपर्यंत एकदाही चुकलं नाही.

गाणं संपलं. मग सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या कराटेच्या मास्तरांनी. त्यांनी जागेवरच उठून सांगितलं की त्यांना बुधवार चालेल, शुक्रवारही चालेल, मंगळवार-गुरुवार त्यांना नको. अध्यक्षबाईंनी बाकीच्यांकडे बघितलं, त्यांनी माना डोलावल्या, आणि हॉल आमचा झाला. जाताना बाई यंत्रापाशी थांबल्या.

"तुम्ही सारखं बोट लावत होता," त्या म्हणाल्या. "त्याने रेकॉर्ड खराब होत नाही का?"

"होते," मी म्हणालो.

मंडळी पांगली. हेडबाई जिना उतरताना पुन्हा मोजायला लागल्याचं ऐकू आलं. हॉलमध्ये मी आणि बहीण दोघेच उरलो. ती हीटरला टेकून बूट सोडत होती. मी यंत्र बंद केलं, रेकॉर्ड हातात घेतली आणि इतके दिवस घशात अडकलेला प्रश्न शेवटी विचारला.

"एकोणीस वर्षं तू मला एकदाही बोलावलं नाहीस. का?"

तिने दुसरा बूट सोडला, शेजारी ठेवला.

"तू आला असतास, तर आधी रेकॉर्ड कुठे ठेवलीय ते बघितलं असतंस," ती म्हणाली. "आणि तेवढंच बघून गेला असतास. मला ते सहन झालं नसतं."

खरंच तसंच झालं असतं. मी तिथे रेकॉर्ड धरून उभा राहिलो. तिला वाटलं असावं की मला लागलं, कारण ती उठून जवळ आली आणि हसत म्हणाली, आता मात्र सुटका नाही, दर मंगळवारी, दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला यायचं, बोटाशिवाय वर्ग चालणार नाही. मी म्हटलं, येईन. मग हातातली रेकॉर्ड मी तशीच, कव्हराशिवाय, आडवी, खुर्चीवर टाकली आणि तिला जवळ घेतलं.